यादीतून गाळलेलं नाव

आमच्या घरात सगळ्यात आधी उठायची ती आई. ती घाटकोपरच्या एका प्रसूतिगृहात आया होती आणि पहिली पाळी असली की उजाडायच्या आत तिच्या भाकऱ्या थापून झालेल्या असत. विक्रोळीतल्या कन्नमवार नगरात आमची एक खोली आणि स्वयंपाकघर. परातीवर पडणारे तिचे तळहात, बाबांचा खोकला आणि मग कंपनीचा भोंगा, या क्रमानं आमचा दिवस सुरू होई. मागच्या खिडकीतून दूरवर खाडीतली तिवरांची झाडी दिसे आणि ओहोटीच्या वेळी चिखलाचा वास थेट चुलीपर्यंत येई. बाबांना तो वास अजिबात सोसत नसे. ते वाशीमकडचे, त्यांना कोरड्या मातीची सवय. आईनं मात्र मुंबई चटकन आपलीशी केली होती. बोलण्यातलं 'मले' आणि 'तुले' तेवढं राहिलं होतं, तेही रागात किंवा मायेत आली की.

आम्ही दोघी बहिणी परक्यांच्या पेढ्यांवर वाढलो, असं मी माझ्या मुलीला सांगते तेव्हा तिला ते खरं वाटत नाही. पण प्रसूतिगृहात मूल झालं की घरची माणसं आयांच्या हातावर काहीतरी गोड ठेवत, मुलगा झाला तर पेढा, मुलगी झाली तर बर्फी. आई ते तिथं खात नसे. वर्तमानपत्राच्या कागदात बांधून घरी आणायची आणि पुडी सोडता सोडता हिशोब सांगायची, "आज दोन पोरं, तीन पोरी. एक पोरगी तर अशी किंचाळली, पूर्ण वॉर्ड जागा." ती त्या बायकांची नावं लक्षात ठेवत असे. भायखळ्याची नसीम, तिला पाचवी मुलगी. भांडुपची लता, तिचा नवरा दारात उभा राहून रडला. ती नावं आमच्या जेवणात भाजीसारखी रोज असत. आम्ही खाली मान घालून जेवायचो आणि कंटाळायचो. आता वाटतं, त्या वेळी थोडं लक्ष द्यायला हवं होतं.

कॉम्प्युटरचा कोर्स पूर्ण झाला आणि मला साकीनाक्याला नोकरी लागली. एका जुन्या औद्योगिक वसाहतीतल्या गाळ्याच्या पोटमाळ्यावर आमचं ऑफिस होतं. खाली लेथ मशीन चाले. धातू कातल्याचा तो लांबट कर्कश आवाज दिवसभर पायाखालून यायचा आणि संध्याकाळी घरी गेल्यावरही कानात राहायचा. आम्ही पाच जण होतो. मालक म्हणजे महेशदादा. माणूस घाईचा, पण मनानं चांगला. आम्ही लोकांच्या वेबसाइटी बनवत होतो. दागिन्यांचं दुकान, लग्नाचा हॉल, क्लासेस, काय वाट्टेल ते. घाटकोपरला उतरून असल्फावरून जाणारी बस पकडायची, डब्यात भाकरी आणि ठेचा, आणि गळ्यात ओळखपत्र. ते ओळखपत्र मी बसमध्येसुद्धा काढत नसे. आमच्या घरातलं टेबलखुर्चीवर बसून केलं जाणारं ते पहिलं काम होतं.

ते काम काय होतं हे थोडं सांगावं लागेल, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. वेबसाइटचं पान आपल्यापर्यंत येतं तेव्हा त्यातला अर्धा भाग दूरच्या मोठ्या कॉम्प्युटरवर, म्हणजे सर्व्हरवर, आधीच तयार झालेला असतो. तिथं एक साचा असतो, रिकाम्या जागा सोडलेल्या फॉर्मसारखा. साठवलेली नावं, फोन नंबर, पत्ते त्या रिकाम्या जागांमध्ये भरले जातात आणि पान निघतं. त्यानंतरची हालचाल आपल्या समोरच्या कॉम्प्युटरवर होते. आपण यादीतून 'घाटकोपर' निवडलं आणि फक्त त्या बाजूची माणसं दिसू लागली, हे काम तिथली छोटी स्क्रिप्ट, म्हणजे कॉम्प्युटरला दिलेल्या चार सूचना, करते. पण त्या स्क्रिप्टला स्वतःचं असं काही ठाऊक नसतं. सर्व्हरनं पान तयार करतानाच ती नावं स्क्रिप्टच्या हातात द्यावी लागतात. ती द्यायची कशी? माझ्यासारख्या नव्या पोरी सगळ्यात सोपा मार्ग घ्यायच्या. स्क्रिप्टच्या ओळीत दोन अवतरणचिन्हं टाकायची आणि त्यांच्या मध्ये नाव येऊ द्यायचं. पहिल्या चिन्हापाशी नाव सुरू होतं आणि दुसऱ्यापाशी संपतं, एवढंच स्क्रिप्टला कळतं.

एक दिवस महेशदादानं मला बोलावलं. अंधेरीच्या एक डॉक्टरबाई होत्या, नोकरीतून निवृत्त झालेल्या. दुर्मीळ रक्तगटाच्या माणसांची वही त्यांनी वर्षानुवर्षं स्वतःच्या हातानं लिहून ठेवली होती. मुंबईत एक असा रक्तगट सापडतो की त्या माणसाला दुसऱ्या कोणाचंच रक्त चालत नाही, अगदी ओ गटाचंसुद्धा नाही. या शहराच्याच नावानं तो ओळखला जातो, बॉम्बे ब्लड ग्रुप. साध्या तपासणीत तो ओ म्हणूनच दिसतो, म्हणून पुष्कळांना ऐन अडचणीत पहिल्यांदा कळतं. ती वही बाईंना वेबसाइटवर हवी होती, कुठल्याही हॉस्पिटलला क्षणात उघडता येईल अशी.

"वैशाली, हे तू एकटीनं करायचं," महेशदादा म्हणाला. "जमेल ना?"

"जमेल की," मी म्हटलं.

मी मन लावून केलं. हे मी आज स्वतःला पुन्हा पुन्हा सांगते, जणू त्यानं काही फरक पडणार आहे. चाचणीसाठी मी माझ्याच नात्यातली नावं टाकली होती, इंगळे, वानखडे, मोरे, आणि पान झकास चालत होतं. ज्या दिवशी बाई चार वाजता बघायला येणार होत्या त्या दिवशी दुपारी त्यांच्या वहीतली खरी नावं आम्ही भरली. मी पान उघडलं. यादीच्या जागी पांढरा कोरा चौकोन. एकही नाव नाही.

खाली लेथ किंचाळत होतं. महेशदादा चार वेळा वर डोकावून गेला. "काय गं, वाट लागली की काय?" म्हणून विचारून गेला. मी निम्मी यादी काढून बघितली, मग राहिलेल्यातली निम्मी. अशा रीतीनं शेवटी एका नावापाशी येऊन थांबले. अंधेरीतल्या मरोळ गावठाणातले पीटर डी'मेलो. गट बॉम्बे. हे आडनाव इंग्रजीत लिहिताना डीनंतर वरच्या अंगाला एक लहान खूण येते. ती खूण आणि माझं अवतरणचिन्ह तंतोतंत एकच. स्क्रिप्टला वाटलं नाव 'डी'पाशीच संपलं. पुढचे 'मेलो' कोण, हे तिला कळेना, आणि तिथंच अडखळून तिनं सगळं काम टाकून दिलं. एका माणसाच्या आडनावातल्या टिंबाएवढ्या खुणेनं सगळ्यांची नावं पुसली होती.

यावर नीट उपाय होता. नाव जसंच्या तसं न टाकता स्क्रिप्टला पचेल अशा रूपात बांधून देण्याची तयार सोय तेव्हाही होती. एका ओळीचं काम. मला ते माहीत नव्हतं. शोधलं असतं तर तासाभरात सापडलं असतं, पण माझ्याकडे वीस मिनिटं होती. मी सर्व्हरकडच्या साच्यात एक अट लिहिली. ज्या नावात ही खूण असेल ते नाव सोडून पुढे जा. त्या ओळीच्या वर मी स्वतःसाठी टीप लिहिली, 'तात्पुरतं. नंतर बघणे.' पान चालू झालं. बाकीची सगळी नावं रांगेत उभी राहिली.

बाई आल्या, चष्मा लावून खुर्चीच्या टोकावर बसल्या. मुलुंड निवडून बघितलं, बोरिवली निवडून बघितलं. मग माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, "पोरी, माझी वही फाटायला आली होती गं." महेशदादानं सगळ्यांना समोसे मागवले. दुसऱ्या दिवशी दागिन्यांच्या दुकानाचं काम आलं, मग एका क्लासचं. 'नंतर' कधी आलंच नाही. मी विसरले. मुद्दाम नाही, आळसानंही नाही. चाललेल्या गोष्टीकडे कोणी परत बघत नाही, तशी विसरले.

घरी मात्र त्या यादीचं कौतुक संपेना. आईला कॉम्प्युटरमधलं काही कळत नसे, पण रक्ताची बाटली वेळेवर न येणं म्हणजे काय हे तिला आमच्या सगळ्यांहून जास्त ठाऊक होतं. तिनं माझ्याकडून वेबसाइटचं नाव एका कागदावर लिहून घेतलं आणि प्रसूतिगृहातल्या मोठ्या सिस्टरना नेऊन दिलं. सिस्टरनी तो कागद फोनशेजारच्या भिंतीवर चिकटवला. "माह्या पोरीनं केलंय म्हटलं," आई बाबांना सांगत होती. "सिस्टर म्हणे, मावशी, तुमची पोरगी हुशार." रविवारी विहारात वंदना झाल्यावर बाबांनी चार माणसांना ते सांगितलेलं मी ऐकलं.

चारपाच महिने गेले असतील. एका मंगळवारी दुपारी ऑफिसचा फोन वाजला आणि महेशदादानं रिसीव्हर माझ्याकडे दिला. आई होती. ती ऑफिसात कधीच फोन करत नसे.

"वैशू, एक बाई आहे इथं. बाळंत झाली, पण रक्त थांबत नाही. ओच्या बाटल्या आणल्या तर एकही जुळेना. तेच रक्त हाये, तुझ्या यादीतलं. सिस्टरनं यादी उघडली. मुंबईत तीनच नावं दिसतात."

"तीनच असतील मग. फार थोड्या लोकांचं असतं ते."

"तिघांनाही फोन झाले. एकाचा बंद आहे. एकाला कावीळ झालीय. एक दहिसरहून निघालाय, पण कवा पोचंल? अजून कोणी असंल तर बघ ना."

मी रिसीव्हर मानेत धरून ते पान उघडलं. तीन नावं. गट पुन्हा निवडला. तीन नावं. "नाही गं आई. असतं तर दिसलं असतं ना."

"नीट बघ व पोरी."

"बघितलं. नाहीये कोणी."

"बरं," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

ते 'बरं' मला आजही जसंच्या तसं ऐकू येतं. त्यात तक्रार नव्हती. माझ्यावर पूर्ण विश्वास ठेवून तिनं तो विषय तिथं संपवला होता. मी दागिन्यांच्या दुकानाच्या बांगड्यांचे फोटो सरळ रांगेत लावायला परत वळले. ते फोटो एकसारखे बसत नव्हते आणि मी वैतागले होते, हेही मला लख्ख आठवतं.

आई त्या दिवशी पाळी संपूनही तिथंच थांबली. घरी आली तेव्हा बाबा दिवा लावत होते. तिनं चपला काढल्या, हातपाय धुतले आणि ओट्याला टेकून उभी राहिली. "गेली," म्हणाली. "पोरगी वाचली. चांगली तीन किलोची आहे. दहिसरचा माणूस आला धावत, पण तवर सगळं झालं होतं." बाबांनी तिला बसायला पाट दिला. ती बसली नाही. "सिस्टर मले म्हणे, मावशी, तुमची यादी नुसती दाखवायची. मी म्हटलं, माह्या पोरीचा काय दोष? माणसंच नाहीत तर पोरगी कुठून आणंल?"

माणसंच नाहीत तर. मी भाकरीचा तुकडा मोडला होता, तो हातातच राहिला. मरोळ. डी'मेलो. मला ते पूर्ण नाव आठवलं, त्याच्या पुढचा गट आठवला, आणि माझी टीपही आठवली. मी जेवण तसंच टाकून उठले. आईला वाटलं, मला त्या बाईचं वाईट वाटलं. तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "असं रडू नको. या कामात असं होते कधी."

सकाळी मी सगळ्यांच्या आधी ऑफिसला गेले. टीप जिथं लिहिली होती तिथंच होती. नीट उपाय शोधायला मला चाळीस मिनिटं लागली, आणि ती अट काढून टाकायला एक क्षण. पान उघडलं तर चौथं नाव खाली येऊन उभं राहिलं. मरोळ ते घाटकोपर रिक्षानं फार तर पाऊण तास. एका बाटलीनं ती बाई वाचली असती का? मी पुढे दोन डॉक्टरांना, कोणाचं नाव न घेता, हे विचारलं. एक म्हणाले कदाचित, दुसरे म्हणाले सांगता येत नाही. त्या 'सांगता येत नाही'चा आधार मी बरीच वर्षं घेतला. महेशदादाला मी काही सांगितलं नाही. डॉक्टरबाईंनाही नाही. आईला तर तेव्हा नाहीच. प्रसूतिगृहातला भिंतीवरचा कागद सिस्टरनी काढून टाकला आणि आईनं तो विषय पुन्हा काढला नाही.

आता माझ्या हाताखाली पंधरा पोरंपोरी काम करतात. नवा कोणी आला की पहिल्याच आठवड्यात मी त्याला ती गोष्ट शिकवते. नाव असो, पत्ता असो, कोणतीही माहिती स्क्रिप्टच्या हातात कच्ची द्यायची नाही, बांधूनच द्यायची. ती पोरं हसतात. म्हणतात, मॅडम, हे आता आपोआप होतं, साचाच सांभाळून घेतो. खरं आहे. पण अडलेलं नाव गाळून पुढे जायचं की नाही, हे कोणताही साचा ठरवत नाही, हे मी त्यांना सांगत नाही. सांगायला गेले तर सगळंच सांगावं लागेल.

ती बाई गेली त्यानंतरच्या हिवाळ्यात डॉक्टरबाईंनी रक्तदात्यांना एकत्र बोलावलं. अंधेरीला एका शाळेचा हॉल, दुपारची वेळ, वडे आणि चहा. मलाही आग्रहानं बोलावलं होतं. बाईंनी माझी ओळख करून दिली आणि टाळ्या झाल्या. मग एक एक जण उठून आपलं सांगू लागला. तिसऱ्या रांगेतून एक पन्नाशीचा माणूस उठला. सडपातळ, पांढरा शर्ट, खिशाला पेन आणि टेस्टर. म्हणाला, "मी पीटर डी'मेलो. लिफ्ट रिपेअर करतो. मरोळचा."

"मी बाईंच्या वहीत नाव दिलं, ही यादी व्हायच्या जरासं आधी," तो सांगत होता. "बायको बोलली, पीटर, आता फोन कधी बंद ठेवायचा नाय. मी लिफ्टच्या शाफ्टमध्ये असलो तरी फोन वर माझ्या पोऱ्याकडे देऊन ठेवायचो. वर्षभर एक फोन नाय आला. मला वाटलं, आपल्या रगताची कोणाला गरजच नाय. मग गेल्या महिन्यात आला बोरिवलीचा फोन. दिलं रक्त. पोरगा वाचला." तो हसत खाली बसला आणि लोकांनी जोरात टाळ्या वाजवल्या.

चहाच्या टेबलापाशी मी त्याला गाठलं. का गाठलं, हे मी अनेकदा स्वतःला विचारलंय. मला वाटलं होतं, मी खरं बोलायला चाललेय. मी त्याला सगळं सांगितलं, ती खूण, ती अट, घाटकोपरची बाई. तो कप हातात धरून ऐकत राहिला.

"कोणता दिवस होता?" त्यानं विचारलं.

"मंगळवार. दुपार."

"मंगळवारी माझी सुट्टी असते," तो म्हणाला. "मी घरी असतो. दुपारी झोपलेलो असतो." त्यानं कप टेबलावर ठेवला. "तिचं नाव काय होतं?"

मला माहीत नव्हतं. मी तोंड उघडलं आणि माझ्या लक्षात आलं, मी कधी विचारलंच नव्हतं. आई रोज सगळ्यांची नावं सांगायची. हिचं सांगितलं नव्हतं, आणि मला ते नको होतं.

"नाव नाय माहीत," तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. "पोरी, हे तू मला कशाला सांगितलंस? माझं काय चुकलं होतं? मी तर फोन चालू ठेवला होता." आणि तो बायकोच्या दिशेनं निघून गेला. सभा संपेपर्यंत तो खुर्चीत बसून होता, पण पुन्हा कोणाशी बोलताना मी त्याला बघितलं नाही. एका माणसाचा साधा आनंद मी अशा रीतीनं काढून घेतला. त्याला सांगणं सोपं होतं म्हणून त्याला सांगितलं. ज्यांना सांगायला हवं होतं ती माणसं दुसरीच होती.

त्या संध्याकाळी आई तांदूळ निवडत बसली होती. मी तिच्यासमोर बसले आणि विचारलं, "आई, ती गेली ना रक्ताशिवाय, तिचं नाव काय होतं?"

"सुजाता," ती लगेच म्हणाली. "सुजाता गुरव. मुलुंडची. काऊन गं?"

मग मी सांगितलं. तिला कळेल अशा शब्दांत. यादीत चौथा माणूस होता, मी त्याचं नाव गाळलं होतं, आणि तू फोन केलास तेव्हा मला ते आठवलं नाही. तिचा हात ताटात तसाच राहिला. ती माझ्यावर ओरडेल असं मला वाटलं होतं, ओरडावं असंही वाटत होतं. ती एवढंच म्हणाली, "मी सिस्टरला म्हटलं होतं, माह्या पोरीचा दोष नाही." मग तिनं ते ताट उचललं आणि आत गेली.

आठवडाभर ती माझ्याशी कामापुरतं बोलली. रविवारी दुपारी तिनं धुतलेलं लुगडं नेसलं, एका पिशवीत लहान मुलीचं झबलं आणि टोपडं ठेवलं आणि मला म्हणाली, "चल." पत्ता तिनं प्रसूतिगृहातून आणला होता. कुठं, हे मी विचारलं नाही. मला कळलं होतं.

मुलुंडला टेकडीच्या बाजूला एका चाळीत ते घर होतं. दार सुजाताच्या सासूनं उघडलं. कोकणातली बाई, कपाळ मोठं, डोळे दमलेले. आईला तिनं क्षणात ओळखलं. "तू गो ती? दवाखान्यातली? माझ्या सुनेचो हात धरून बसललंस." आणि तिनं आईला मिठीच मारली. "बस गो, बस. च्या ठेवतंय." मुलगी चटईवर बसली होती, वर्षाची व्हायला आलेली, हातात प्लास्टिकची वाटी. सासूनं तिला उचलून माझ्या मांडीवर दिलं. "डोळे बघ, सगळे आवशीचे, सुजाताचे," ती म्हणाली. मुलीनं माझ्या गळ्यातली साखळी मुठीत पकडली आणि ओढली. मुलीचा बाप कामावर होता. भिंतीवर हार घातलेला फोटो होता. मी त्याच्याकडे बघितलं. माझ्याच वयाची होती ती, एखादं वर्ष मोठी असेल.

चहा आला, फणसाचे तळलेले गरे आले. सासू आईला सांगत राहिली, मुलगी कधी रांगली, कोणतं दूध पचतं, रात्री कोणाच्या कुशीत झोपते. "तुम्ही लोकांनी लई केलात," ती म्हणाली. "आमच्या नशिबातच नव्हता, त्याका कोण काय करतला?" आईनं माझ्याकडे बघितलं. नुसतं बघितलं. मुलगी माझ्या मांडीवरून उतरून वाटी जमिनीवर आपटत होती आणि बोलायला यापेक्षा चांगली वेळ मिळणार नव्हती. माझ्या तोंडात वाक्य तयार होतं. मी म्हटलं, "चहा छान झालाय."

आई उठली. झबलं आणि टोपडं तिनं सासूच्या हातात दिलं, मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि आम्ही बाहेर पडलो. बसथांब्यापर्यंत ती माझ्यापुढे दोन पावलं चालत होती. थांब्यावर पोचल्यावर म्हणाली, "मी तुले घेऊन आली. बोलायचं तुले होतं."

"परत जाऊ या का?" मी विचारलं.

"तू जा," आई म्हणाली. "मी इथं थांबतो. कितीही वेळ लागू दे."

तिनं थांब्याच्या कठड्याला पाठ टेकली, रिकामी पिशवी घडी करून काखेत धरली आणि ती खरंच थांबली. मी चाळीच्या दिशेनं बघितलं. गल्लीच्या तोंडाशी एक माणूस सायकल पुसत होता, त्याच्या मागे ते दार इथूनही दिसत होतं, अजून उघडंच होतं. मी दहा पावलं गेले असेन. मागून विक्रोळीकडे जाणारी बस आली. मी वळले, धावले आणि चढले. आई खाली तशीच उभी होती. कंडक्टर ओरडला, "मावशी, येताय का?" तिनं एकदा त्या उघड्या दाराकडे बघितलं, मग दांडा धरून वर आली आणि माझ्या शेजारची जागा रिकामी असूनही पुढे जाऊन बसली.